कर्णधाराच्या शेजारी कोण उभं राहतं?



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी चालते, त्यांनी उभं आयुष्य शाळेच्या मैदानावर मुलं घडवण्यात घालवलं. त्यामुळे ‘नेतृत्व’ या विषयावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी आनंदानं होकार दिला आणि एक मोकळीक मागून घेतली. मी म्हटलं, राजकारणातले नेते नकोत, उद्योगपती नकोत, क्रिकेटचे कर्णधारही नकोत. त्यांच्याबद्दल या सभागृहात प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं आहे. मला अशा कर्णधाराबद्दल बोलू द्या, ज्याच्या बाजूचे किंवा विरोधातले आपण कुणीच नाही. त्याचं नाव ॲडम गुड्स. तो सिडनी स्वान्स या क्लबाकडून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळायचा. ३७२ सामने, ४६४ गोल.

त्याच्या निमित्तानं मला तीन प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचे आहेत. कर्णधारपद वाटून घेता येतं का? कर्णधारपद सोडल्यावर नेतृत्व संपतं का? आणि तिसरा, ज्याच्यासाठी खरं तर मी इथे उभा आहे: नेता पुढे गेला आणि एकटा पडला, तर बाकीच्यांनी काय करायचं असतं?

आधी हा खेळ समजून घेऊ, कारण त्याशिवाय त्यातला कर्णधार कळणार नाही. १८५९ साली मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम कागदावर उतरले. हिवाळ्यात क्रिकेटपटू तंदुरुस्त राहावेत, हा एक हेतू होता. म्हणून आजही तो क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर खेळतात. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लंबगोल. तो लाथेनं मारायचा किंवा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोकायचा, फेकायचा नाही. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढून कुणी उंचावरून आलेला चेंडू झेलला, तर त्याला निवांत किक मारायची मुभा मिळते. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. सहसा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर अंतिम सामना होतो आणि त्याला लाखभर माणूस जमतो. आपण ज्या मैदानाला क्रिकेटचं म्हणून ओळखतो, ते तिथल्या लोकांच्या मनात आधी फुटबॉलचं आहे.

आता या खेळात कर्णधार काय करतो? क्रिकेटमध्ये कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, गोलंदाज बदलतो. त्याचं डोकं आपल्याला दिसतं. इथे डावपेच आखणारा प्रशिक्षक वर काचेच्या खोलीत बसलेला असतो आणि त्याचे निरोप घेऊन माणसं मैदानात धावतात. खेळ इतका वेगवान की थांबून सूचना द्यायला सवड नाही. कर्णधार नाणेफेक करतो, आणि मग? मग त्याच्याकडे एकच साधन उरतं, त्याचं वागणं. दमल्यावर तो परत धावतो का, जिथे मार बसणार हे दिसतंय तिथे चेंडूसाठी वाकतो का, सोपी संधी असूनही चेंडू दुसऱ्याला देतो का. या खेळातलं कर्णधारपद पाहण्याजोगं आहे ते यासाठी. तिथे अधिकार जवळजवळ नाहीच.

ॲडम गुड्सचा जन्म १९८० चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू या किनाऱ्यावरच्या गावचा. वडील गोऱ्या वंशाचे. आई लिसा मे या अदन्यामथन्हा आणि नारुंगा या आदिवासी समाजांच्या. लहानपणी त्यांना आईवडिलांपासून तोडून नेण्यात आलं होतं. हे एकट्या त्यांच्याच वाट्याला आलं नव्हतं. विसाव्या शतकात जवळजवळ १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियात सरकारी धोरण म्हणून, मिशनऱ्यांच्या मदतीनं, आदिवासी मुलांना घरातून उचललं जात होतं. त्यांनी आपली भाषा, आपली माणसं विसरावीत म्हणून. त्या मुलांना तिकडे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल देशाच्या वतीनं माफी मागितली, तेव्हा गुड्स अठ्ठावीस वर्षांचा होता, दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. लक्षात घ्या, इतिहास किती जवळचा आहे.

लहानपणी तो सॉकर खेळायचा. कुटुंब व्हिक्टोरिया राज्यात आल्यावर हा खेळ त्याच्या हाती लागला. १९९७ च्या निवडीत सिडनी स्वान्सनी त्याला घेतलं ते त्रेचाळिसाव्या क्रमांकावर, म्हणजे बेचाळीस मुलं त्याच्याआधी उचलली गेली होती. जर्सीचा आकडा मिळाला ३७. नवख्या, अजून काही सिद्ध न केलेल्या पोरांना असे मोठे आकडे मिळतात. पुढे मान मिळाला की ते लहान आकडा मागून घेतात. गुड्सनं ३७ शेवटपर्यंत ठेवला. १९९९ मध्ये तो मोसमातला सर्वोत्तम नवोदित ठरला. २००३ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळालं, नेथन बकली आणि मार्क रिचियुटो यांच्यासह विभागून. २००६ मध्ये पुन्हा, या वेळी एकट्याला. हे पदक पंचांच्या मतांवर दिलं जातं आणि ज्याच्यावर त्या मोसमात शिस्तभंगाची बंदी आली तो त्याला अपात्र ठरतो. उत्तम खेळ आणि सचोटी या दोन्हींचा तो मान आहे. हे पदक ध्यानात असू द्या, कारण पुढे त्याच माणसाला लबाड म्हणणारे हजारो निघाले.

आता माझा पहिला प्रश्न. कर्णधारपद वाटून घेता येतं का?

सिडनी स्वान्स हा क्लब मुळात साउथ मेलबर्नचा. १९८२ मध्ये तो सिडनीला हलला, रग्बीवर प्रेम करणाऱ्या शहरात. १९३३ नंतर त्यांनी अजिंक्यपद पाहिलेलं नव्हतं. पॉल रूस प्रशिक्षक झाले आणि २००३ च्या सुमारास खेळाडूंनी एकत्र बसून ठरवलं की आपण कसे वागणार हे प्रशिक्षक नव्हे, आपणच ठरवू. क्लबाचं जुनं टोपणनाव होतं ‘ब्लड्स’, लाल रंगावरून आलेलं. ते नाव त्यांनी आपल्या नव्या कराराला दिलं. या कराराचा गाभा साधा आणि अवघड होता. चुकणाऱ्याला त्याच्या तोंडावर सांगायचं, आणि सांगणारा कोण आहे हे पाहायचं नाही. नवख्यानं दिग्गजाला सांगायचं. दिग्गजानं ऐकून घ्यायचं. नेते कोण हे खेळाडूंच्या मतानं ठरायचं.

आपल्या संस्था डोळ्यांसमोर आणा. मंडळं, पतसंस्था, शाळा, नाट्यसंस्था. किती ठिकाणी वीस वर्षांचा मुलगा अध्यक्षांना सांगू शकतो, की आज तुम्ही कामचुकारपणा केलात? आणि अध्यक्ष ते ऐकून घेतील?

त्या कराराचं फळ २००५ मध्ये दिसलं. वेस्ट कोस्ट ईगल्सविरुद्धचा अंतिम सामना ५८ विरुद्ध ५४, अवघ्या चार गुणांनी सिडनीनं जिंकला. शेवटच्या क्षणी लिओ बॅरीनं माणसांच्या घोळक्यात उडी घेऊन झेललेला चेंडू आजही तिथली लहान मुलं गल्लीत करून दाखवतात. बहात्तर वर्षांचा दुष्काळ संपला. त्या मोसमात नेमलेला कर्णधार स्टुअर्ट मॅक्सफील्ड दुखापतीनं मधेच थांबला होता आणि उरलेल्या मोसमात वेगवेगळ्या खेळाडूंनी आळीपाळीनं ते काम केलं. एका माणसावाचून काहीच अडलं नाही.

म्हणून २००९ मध्ये गुड्स कर्णधार झाला तो एकटा झाला नाही. ब्रेट कर्क, क्रेग बोल्टन आणि गुड्स असे तिघं. नंतर २०११ आणि २०१२ मध्ये गुड्स आणि जॅरड मॅकवे असे दोघं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोनदा ब्राउनलो मिळवलेला माणूस, संघातला निर्विवाद मोठा खेळाडू, आणि तो मान शेजाऱ्याबरोबर वाटून घेतो. आपल्याकडे पद म्हटलं की गादी आठवते आणि गादीवर दोघं बसले की घराणं फुटतं. तिथे दोघं बसले आणि संघ जिंकला.

२९ सप्टेंबर २०१२. अंतिम सामना, समोर हॉथॉर्न. दुसऱ्या सत्रात गुड्सच्या गुडघ्यातला एक अस्थिबंध फाटला. खेळाच्या भाषेत सांगायचं तर तिथेच त्याचा सामना संपायला हवा होता. तो मैदानात राहिला. धावता येत नव्हतं तेव्हा गोलच्या जवळ उभा राहिला, आणि शेवटच्या सत्रात, जेव्हा सामना कुठेही झुकू शकत होता, त्यानं गोल मारला. सिडनी ९१, हॉथॉर्न ८१. गुड्स आणि मॅकवे यांनी चषक उचलला. त्यानंतर त्यानं कर्णधारपद पुढच्यांच्या हाती दिलं.

इथे एखादा चरित्रकार थांबला असता. गरीब घरचा मुलगा, जिद्द, पदकं, चषक. माझा दुसरा प्रश्न मात्र इथूनच सुरू होतो. पद नाही, आता हा माणूस कोण आहे?

२४ मे २०१३, शुक्रवारची रात्र, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. त्या आठवड्याचे सामने देशभर आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ खेळले जात होते. सिडनी विरुद्ध कॉलिंगवूड. सिडनी आरामात जिंकत होतं आणि गुड्स त्या रात्री मैदानावरच्या उत्तम खेळाडूंत होता. शेवटच्या सत्रात सीमारेषेजवळ असताना कठड्यापलीकडून आवाज आला. कुणी तरी त्याला माकड म्हणालं होतं. तो थांबला. वळला. बोट दाखवून सुरक्षारक्षकांना म्हणाला, ती व्यक्ती. ती व्यक्ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. तिला बाहेर नेण्यात आलं. गुड्स त्यानंतर विजयाच्या जल्लोषात थांबला नाही, एकटाच आत निघून गेला.

त्या बोटाचं छायाचित्र देशभर छापून आलं. पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. पत्रकारांसमोर बसून तो म्हणाला, की काल रात्री वंशद्वेषाला एक चेहरा मिळाला आणि तो तेरा वर्षांच्या मुलीचा होता; पण दोष तिचा नाही. तिच्यावर तुटून पडू नका, तिला आधार द्या, शिकवा. ती अजून लहान आहे, ती ज्या वातावरणात वाढली तिथून हा शब्द आला आहे. मुलीनं त्याला फोन करून माफी मागितली आणि त्यानं ती मान्य केली.

मित्रहो, याच्याकडे जरा थांबून पाहू या. अपमान सहन करणं हे एक. अपमान करणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून झगडणं हे दुसरं. दोन्ही आपल्याला माहीत आहेत. गुड्सनं काय केलं? त्यानं अपमान नाकारला, सगळ्या देशासमोर नाकारला, आणि अपमान करणाऱ्या लहान मुलीभोवती दुसऱ्याच दिवशी स्वतः कुंपण घातलं. बोट दाखवायला धैर्य लागतं. त्याच मुलीच्या बाजूनं बोलायला काय लागतं, त्याला मी शब्द शोधत नाही. मी एवढंच म्हणतो की ते कर्णधाराचं वागणं होतं आणि तेव्हा तो कर्णधार नव्हता.

कॉलिंगवूड क्लबाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये जाऊन माफी मागितली होती. पाच दिवसांनी त्यांनीच रेडिओवर बोलताना किंग काँगच्या नाटकाची जाहिरात आणि गुड्स यांची सांगड घालणारं वाक्य उच्चारलं. पुन्हा माफी. तेरा वर्षांच्या मुलीकडून आपण किती अपेक्षा ठेवायची, जर मोठ्या क्लबाच्या अध्यक्षांच्या जिभेवर पाच दिवसांत तोच प्राणी येतो?

२०१४ च्या जानेवारीत त्याला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तो जाहीर होतो २५ जानेवारीला, त्यांच्या राष्ट्रीय दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. २६ जानेवारी. आपण ज्या दिवशी झेंड्याला वंदन करतो, त्याच तारखेला १७८८ मध्ये इंग्रजांची वसाहत सिडनीच्या किनाऱ्यावर सुरू झाली. तिथल्या आदिवासींसाठी तो जमीन गेल्याचा दिवस आहे. गुड्सनं हे बोलून दाखवलं. सन्मान घेतला आणि गप्प बसला नाही. आणि मग हुर्यो सुरू झाली.

त्याच्याकडे चेंडू आला की गॅलरीतून हुर्यो. आधी एका मैदानावर, मग दुसऱ्या, मग जवळजवळ प्रत्येक परक्या मैदानावर, आठवड्यामागून आठवडे. त्याची कारणं सांगितली गेली. तो मुद्दाम पडून फ्री किक मिळवतो म्हणे. त्यानं एका लहान मुलीला छळलं म्हणे. मोठ्या खेळाडूंची हुर्यो उडवायची रीतच आहे म्हणे. ही शेवटची गोष्ट खरी आहे, आणि म्हणून मी ती गांभीर्यानं घेतो. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाडूला डिवचणं हा त्या खेळाच्या प्रेक्षकांचा जुना हक्क आहे. पण मग विचारू या: हा माणूस १९९९ पासून खेळतोय. पडून फ्री किक मिळवायची सवय त्याला मोसमांमागून मोसम नव्हती आणि राष्ट्रीय सन्मान मिळाल्यावर लागली? एका क्लबाचा राग समजतो. सगळ्या शहरांना एकाच वेळी राग कसा आला?

२९ मे २०१५ ला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर कार्लटनविरुद्ध गोल मारल्यावर त्यानं प्रेक्षकांसमोर एक नाच केला. पाय रोवून, हात फेकून, जणू भाला फेकतोय असा. सोळा वर्षांखालच्या आदिवासी मुलांच्या संघाकडून तो शिकला होता. पुन्हा तोच आठवडा, आदिवासींच्या सन्मानाचा. सन्मान सोहळ्यात आदिवासी नर्तकांनी मैदानावर नाचलेलं चालतं, टाळ्या मिळतात. पण आदिवासी खेळाडू स्वतःच्या आनंदात, स्वतःच्या मर्जीनं नाचला तर ती धमकी ठरते. त्या नाचानंतर हुर्यो आणखी वाढली.

इथे मला आपल्या मुंबईत यावं लागेल, कारण हात झटकून हे भाषण पुढे नेणं प्रामाणिक होणार नाही. १७ ऑक्टोबर २००७, वानखेडे स्टेडियम, भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना. अँड्र्यू सायमंड्स फलंदाजीला आला आणि गॅलरीतून माकडाचे आवाज निघाले, माकडासारखे हातवारे झाले. त्याची छायाचित्रं जगभर छापली गेली. काहींना स्टेडियमबाहेर काढण्यात आलं. त्याच्या थोडे दिवस आधी बडोद्यातही तेच झालं होतं आणि तिथे कुणी असंही स्पष्टीकरण दिलं की लोक मारुतीरायाचा धावा करत होते. काही महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, सिडनीत हरभजन सिंग आणि सायमंड्स यांचा वाद झाला. तिथे नेमकं कोण काय बोललं, त्यात मी शिरत नाही. पण वानखेडेवर काय झालं ते आपण पाहिलं होतं आणि त्याबद्दल आपल्या शहरात जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललो नाही. गॅलरीत बसलेला माणूस ऑस्ट्रेलियन असो की मुंबईकर, त्याला वाटतं की गर्दीत मिसळलेल्या आवाजाला मालक नसतो.

आता तिसरा प्रश्न. बाकीच्यांनी काय करायचं असतं?

इथे मला मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. डग निकोल्स नावाचा एक आदिवासी तरुण १९२७ च्या सुमारास कार्लटन क्लबात खेळायला गेला. त्याच्या अंगाला मालिश करायला मसाजवाल्यांनी नकार दिला. अंगाला वास येतो म्हणाले. तो परतला. पुढे १९३२ मध्ये फिट्झरॉय क्लबानं त्याला घेतलं. सांगतात ते असं, की पहिल्या दिवशी तो ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात एकटा कपडे बदलत होता, आधीचा अनुभव मनात ठेवून. तेव्हा त्या संघातला सर्वांत मोठा खेळाडू, हेडन बंटन, आपलं सामान उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसला. भाषण नाही. घोषणा नाही. सामान उचललं आणि जागा बदलली. निकोल्स पुढे पाद्री झाले, हक्कांच्या लढ्यातले नेते झाले, १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. आदिवासी सन्मानाचा तो आठवडा आज त्यांच्याच नावानं खेळला जातो.

बंटननं केलं ते करायला किती वेळ लागला असेल? २०१५ मध्ये मात्र फार वेळ लागला. खेळाचं प्रशासन शब्द तोलत राहिलं. वंशद्वेष हा शब्द उच्चारायचा की नाही, यावर आठवडे गेले. प्रेक्षकांना दुखवायचं नव्हतं, तिकिटं काढणारे तेच. समालोचक म्हणत राहिले की दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. एक माणूस प्रत्येक शनिवारी चाळीस-पन्नास हजार लोकांसमोर उभा राहत होता आणि बाकीचे दोन्ही बाजू समजून घेत होते.

मग जुलैच्या शेवटच्या रविवारी, २६ तारखेला, पर्थमध्ये वेस्ट कोस्टविरुद्ध हुर्यो टोकाला गेली. तेव्हा गुड्सचा सहकारी लुईस जेटा, तोही आदिवासी, गोल मारून गर्दीकडे वळला आणि त्यानं तोच भाल्याचा नाच केला. म्हणजे काय केलं? हुर्यो उडवणाऱ्यांना सांगितलं, आता दोघांची उडवा. बंटननं सामान उचललं होतं, जेटानं काल्पनिक भाला उचलला.

त्यानंतर गुड्सनं रजा घेतली. तो खचला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. तो नसताना १ ऑगस्टला सिडनीत ॲडलेडविरुद्ध सामना झाला. तिसऱ्या सत्राच्या सातव्या मिनिटाला, म्हणजे तीन आणि सात, त्याच्या जर्सीच्या आकड्याच्या क्षणी, सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या वाजवत राहिलं. त्या आठवड्यात रिचमंडचा संघ आपली आदिवासी नक्षीची जर्सी घालून उतरला. प्रतिस्पर्धी क्लबांचे खेळाडू आता पुरे म्हणाले. पुढच्या आठवड्यात गुड्स जिलाँगला खेळायला परतला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी त्याचं स्वागत केलं. हे सगळं सुंदर होतं, आणि खूप उशिरा झालं होतं. दोन्ही गोष्टी मला एकाच दमात म्हणायच्या आहेत. आपल्याकडे अशा वेळी शेवटच्या टाळ्यांवर गोष्ट संपवायची सवय आहे. अखेर समाज जागा झाला, म्हणून आपण समाधानानं घरी जातो. पण टाळ्या वाजल्या तेव्हा तो माणूस मैदानात नव्हता.

सप्टेंबरमध्ये नॉर्थ मेलबर्नविरुद्धचा सामना सिडनी हरलं आणि गुड्सनं ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना सांगितलं की मी थांबतोय. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मोटारीतून मैदानाभोवती फिरवतात, लाखभर लोक हात हलवून निरोप देतात. गुड्स त्या फेरीला गेला नाही. कोण त्याला दोष देईल?

२०१९ मध्ये त्या शेवटच्या वर्षांवर दोन माहितीपट आले. इयन डार्लिंग यांचा ‘द फायनल क्वार्टर’ नुसत्या जुन्या चित्रफितींतून जोडलेला आहे. नव्यानं कुणाची मुलाखत नाही, निवेदन नाही. फक्त त्या काळात कोण कॅमेऱ्यासमोर काय बोललं ते एकामागून एक. माझी तुम्हाला विनंती आहे, तो जरूर पाहा. माणसांचे तेव्हाचे शब्द चार वर्षांनी ऐकताना कसे वाटतात ते त्यात कळतं. त्याच वर्षी हा खेळ चालवणाऱ्या लीगनं आणि तिच्यातल्या अठराही क्लबांनी गुड्सची विनाअट माफी मागितली. खेळ त्याच्या पाठीशी पुरेसा उभा राहिला नाही हे लेखी मान्य केलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी.

आणि २०२१ मध्ये जेव्हा खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च मानकऱ्यांच्या यादीत, त्याला घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं नको म्हणून सांगितलं.

या नकाराबद्दल तिथे वाद झाला. काहींना तो हट्ट वाटला. माफी मागितली, मान देऊ केला, आता आणखी काय हवं? मला त्या नकारात हट्ट दिसत नाही. दुखावलेल्या माणसानं मान स्वीकारला की दुखावणाऱ्यांना सुटल्यासारखं वाटतं. हार घातला, फोटो काढला, प्रकरण मिटलं. गुड्सनं ते प्रकरण मिटू दिलं नाही. माफी मागणं हे मागणाऱ्याचं काम होतं, त्यांनी ते केलं, चांगलं केलं. ती घेऊन व्यासपीठावर येणं हे त्याचं कर्तव्य नव्हतं. पुष्कळदा आपण पीडितांकडून दुहेरी अपेक्षा ठेवतो: आधी सहन कर, मग आम्हाला क्षमा करतानाही दिस. या दुसऱ्या अपेक्षेला त्यानं शांतपणे नाही म्हटलं, कुणावर शेरा न मारता.

मग तो करतो काय? २००९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तो सहकर्णधार झाला त्याच वर्षी, त्यानं आणि त्याचा जुना सहकारी मायकल ओलाफलिन यानं आदिवासी मुलामुलींच्या शिक्षणासाठी ‘गो फाउंडेशन’ नावाची संस्था सुरू केली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं, ग आणि ओ. ती शिष्यवृत्त्या देते. आणि २०२१ मध्ये, ज्या वर्षी त्यानं तो मान नाकारला, त्याचं एक पुस्तक आलं. एली लेंग यांच्यासह लिहिलेलं, डेव्हिड हार्डी यांची चित्रं असलेलं, ‘समबडीज लँड’. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी. गोरी माणसं येण्याआधी ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, कुणाची तरी होती, कुणी तरी तिथे राहत होतं, एवढंच ते मुलांना सांगतं. २०१३ च्या त्या सकाळी त्यानं मोठ्यांना विनवलं होतं, की मुलीला शिकवा. मोठ्यांनी काय केलं ते आपण पाहिलं. आता तो तिच्याहूनही लहान मुलांसाठी स्वतःच लिहितो आहे, आणि त्या मालिकेतली पुढची पुस्तकंही आली आहेत.